आवसेला आलेली चंद्रकळा

रविवार, 27 जुलै 2025, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये. एवढंसं ‘हो’ आहे खरं तर. गुरुवारी संध्याकाळी आईला ‘हो’ म्हणाले आणि तेव्हापासून ते घशात अडकून बसलंय, माशाच्या काट्यासारखं, भाताचा गोळा गिळला तरी जात नाही. (श्रावण लागलाय, माशाच्या काट्याची उपमा पण देऊ नये म्हणा.)

सगळं त्या साडीवरून.

ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती दर न्यू मूनला स्वतःला एक गिफ्ट देते. कधी कानातले, कधी नुसतं एक भारीतलं पेन. न्यू मून म्हणजे आपली आवसच की, पण आवस म्हटलं की लिंबू-मिरची आणि ‘आज नवीन काही आणू नकोस गं घरात’, आणि न्यू मून म्हटलं की मेणबत्ती, डायरी, तीन इच्छा आणि तमालपत्रावर एक शब्द लिहून जाळायचा. ती चेन्नईची आहे, म्हणाली आमच्याकडे अमावास्या चांगली धरतात, नवीन काम काढायला मुद्दाम तो दिवस बघतात. मला एकदम पटलं. पटवून घ्यायचंच होतं म्हणून पटलं असेल. आषाढ संपणार, श्रावण लागणार, नवा महिना, आणि या वर्षात मला कोणी काय दिलं ते आठवायला बसले तर डेंटिस्टचं कॅलेंडर सोडून काही आठवेना.

म्हणून ऑर्डर केली. 2,450 रुपये, वर गिफ्ट रॅपचे 60. पैसे भरायला दोन मिनिटं लागली आणि त्या मेसेजच्या चौकोनापाशी मी दहा मिनिटं बसले. कोणाला, तर माझं नाव. कोणाकडून? परत माझंच नाव लिहिलं, पुसलं, ‘तुझीच’ असं लिहिलं, ते फारच रील टाइप वाटलं, पुसलं, आणि शेवटी रिकामाच सोडला. घोळ तिथेच झाला असं आता वाटतं. कार्डावर नाव छापून आलं असतं तर तोंडाने सांगायची वेळ आली नसती.

पार्सल शनिवारी येणार होतं, आलं गुरुवारी, ऐन दिव्यांच्या आवसेला. मी ओट्यापाशी चिंच लावून समया घासत होते, कोपरापर्यंत हात काळे झालेले, आई कणकेचे गुळाचे दिवे उकडायला ठेवून बाहेर आली आणि बेल वाजली. घरात येणारं कुठलंही पार्सल आईच कात्रीने कापते, त्यात आता वाद नाही. आतून साडी निघाली. काळीभोर, लाल काठ.

“काळी?” म्हणाली. मग कॅलेंडरकडे बघितलं. “आज?”

पुढचं सगळं मला पाठ आहे. आवसेला, घरात, काळं, आणि पैसे देऊन. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, “कोणी पाठवली गं, दादाने का?”

आणि मी नळाकडे बघत ‘हो’ म्हणाले.

तिचा चेहरा असा बदलला की बघतच राहिले. “अगं मग काळी कुठेय, चंद्रकळा आहे ही.” लगेच घडी उलगडली, पदर हातावर घेतला, त्याच्या टोकाच्या दशा मोजल्यासारख्या बोटांनी चाळल्या. तिला पहिल्या संक्रांतीला घेतलेली चंद्रकळा, त्यावर हलव्याचे दागिने, तेव्हा आजी काय म्हणाली आणि आत्या काय म्हणाली, सगळं निघालं. काळं एरवी वर्ज्य असलं तरी चंद्रकळेला चालतं, वगैरे. पाच मिनिटांपूर्वी चालत नव्हतं. “राखीच्या आधीच पाठवली बघ, लक्षात ठेवून.” राखी 9 ऑगस्टला आहे. दादाला तारीख मीच कळवते दर वर्षी.

का म्हणाले असेन हो?

ओरडा चुकवायला? माझं वय त्रेचाळीस आहे. आणि आई ओरडत पण नाही आता, नुसती कॅलेंडरकडे बघते.

लाज वाटली का? कसली पण? मिक्सर मी आणला, गीझर मी बदलला, सोसायटीचा मेंटेनन्स मी भरते, हे सगळं सांगताना कधी आवाज बारीक होत नाही माझा. पण ती घरातली कामाची वस्तू. हे म्हणजे कारण नसताना, गरज नसताना, वर चकचकीत कागदात गुंडाळून, ते पण स्वतःच स्वतःला, असं ‘मीच घेतली, मला वाटलं म्हणून’ हे वाक्य माझ्या तोंडातून कधी निघालंच नाहीये बहुतेक. 1,800 चा ड्रेस असला तरी ‘सेलमध्ये 900 ला मिळाला’ असंच सांगते मी. परवाची चप्पल पण सेलमध्ये. आमच्या घरात गेल्या दहा वर्षांत पूर्ण किमतीला आलेली एकही वस्तू नाही, आईच्या हिशोबाने. म्हणजे आत्तापर्यंत किंमत अर्धी करत होते, या वेळी सगळीच वस्तू दुसऱ्याच्या नावावर करून टाकली.

आणि नाव कोणाचं, तर त्याचं. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी सतरा दिवस रजा टाकून मी आणि खुर्चीत झोपलेली पण मी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगितलं जायचं तर... जाऊ दे. ते नको आज.

आवसेच्या रात्री मी तमालपत्राचं पण केलं. मसाल्याच्या डब्यातलं एक बऱ्यापैकी अखंड पान शोधलं, जेल पेनने त्यावर ‘मी’ लिहिलं (मोठा शब्द मावेना) आणि गॅलरीत जाऊन पेटवलं. पाऊस आणि वारा, तीन काड्या गेल्या. पेटलं तेव्हा शब्द जळायच्या आधी वास सुटला आणि आतून आई म्हणाली, “खालची पोरं गटारीला बिर्याणी करतायत वाटतं.” मी हो म्हणाले. त्या दिवसातलं दुसरं हो.

मग झोपताना दादाला मेसेज टाकला. आईला वाटतंय साडी तू पाठवलीस, विचारलं तर हो म्हण. तिकडे कॅनडात दुपार होती. लगेच अंगठा आला. नुसता अंगठा. ‘का’ नाही, ‘कसली साडी’ नाही, ‘अशी का गं म्हणालीस’ नाही. मला तो अंगठा इतका लागला की उठून पाणी प्यायले. मग पाच मिनिटांनी त्याचा एक प्रश्न आला, कितीची? मी लिहिलं, राहू दे रे.

शुक्रवारी जिवतीचा कागद. तोच तो दर वर्षीचा, वर नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर कृष्ण, मग पोरांना अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. आघाड्याची माळ, पुरण. आईने मला पाटावर बसवून पुरणाच्या पाच दिव्यांनी ओवाळलं. लहानपणी आम्ही दोघं शेजारी बसायचो. हा कागद आता खरं तर मी... असो. मला ओवाळून झालं आणि मग जी मुलं लांब आहेत त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकतात तशा तिने टाकल्या. कॅनडा नक्की कुठल्या दिशेला हे तिला ठाऊक नाही, मलाही नाही, म्हणून चारही दिशांना सारख्याच. मी मध्ये पाटावर, त्यामुळे जाता जाता बऱ्याचशा माझ्यावर पडल्या. संध्याकाळी साडी कपाटात ठेवायला उचलली तर पदराच्या घडीत हळदीचा एक दाणा अडकलेला. त्याच्यासाठी टाकलेला, पण मुक्काम इथे. काढला नाही मी तो.

शनिवारी चंद्र बघायचा होता. आवस शुक्रवारी पहाटेच्या आधीच संपली, पण पहिल्या संध्याकाळी कोर इतकी बारीक असते की दिसत नाही, खरी दिसते ती बीजेची. आमची आजी बीजेला अंगणात जाऊन लुगड्याच्या पदराची एक दशी ओढून चंद्राला वाहायची आणि म्हणायची, ‘जुनं घे, नवं दे’. आम्ही पण फ्रॉकचे दोरे ओढायचो आणि मग उसवलेल्या फ्रॉकबद्दल बोलणी खायचो. आजीने स्वतःसाठी कधी काही घेतलेलं मला आठवत नाही. पण मागायची मात्र राजरोस, दर महिन्याला, थेट वरती तोंड करून, आणि जुनं आधी देऊन मागायची, व्यवहार चोख. हा सेल्फ लव्हचा मुद्दा मला आत्ता लिहिताना सुचतोय, तिला सांगितला असता तर म्हणाली असती, कपडे फाटलेत म्हणून मागते गं बाई.

पण पुण्यात जुलैमध्ये चंद्र! सव्वासात वाजता दिवस मावळतो, बीजेची कोर त्यानंतर जेमतेम तासभर पश्चिमेला असते, आणि आमच्या पश्चिमेला आधी समोरची बिल्डिंग आणि मग ढग. साडेसात ते सव्वाआठ उभी राहिले. समोरच्या फ्लॅटमधली बनारसची ताई कपडे काढायला आली, मी म्हटलं आमचा श्रावण लागला काल, ती म्हणाली हमारा तो आधा हो गया. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो ना, 11 तारखेलाच लागला. म्हणजे एकाच मजल्यावर एकीचा महिना अर्धा जुना आणि दुसरीचा कोरा, चंद्र एकच आणि तो पण दिसत नाही. मग कसलं आलंय स्वागत. मी आत येऊन खिचडी टाकली. रडू येत होतं हे खरं, पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या होत्या.

आज सकाळी आठला दादाचा व्हिडिओ कॉल. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, पोहे भिजवलेले तसेच चाळणीत. आई म्हणाली साडी छान आहे रे, काळी असली तरी. तो म्हणाला, “आवडली ना? मग झालं तर.” इतकं सहज! मला वाटलं होतं अडखळेल, माझ्याकडे बघेल, निदान एकदा तरी ‘अगं तिनेच’ असं काहीतरी. वहिनी मागून म्हणाली, “कुठली साडी?” आणि नेमकं नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं की घालवलं, देव जाणे.

आणि दहा मिनिटांनी फोन वाजला. त्याच्या इथल्या खात्यातून माझ्या खात्यात 3,000 रुपये जमा. शेरा : साडी.

मी आधी भडकले. म्हणजे आता ती खरोखरच त्याची झाली. मी खोटं बोलले होते तोपर्यंत निदान आतून तरी माझी होती, ते पण गेलं. परत पाठवावे तर तो विचारणार का, आणि ‘का’ चं उत्तर मला सापडलं असतं तर रात्री पावणेबाराला हे लिहीत बसले असते का मी. दुपारभर तोंड पाडून कपड्यांच्या घड्या घातल्या. आणि मग मध्येच, टॉवेलची घडी घालता घालता, हिशोब लक्षात आला. साडी आणि कागद मिळून 2,510. त्याने दिले 3,000. म्हणजे स्वतःला गिफ्ट देण्यात मला वर 490 रुपये सुटले. इतकं हसू आलं ना एकटीलाच. चेन्नईवालीला उद्या सांगायला हवं, तुझा न्यू मून पावला म्हणून, पण जरा घसरून पावला.

संध्याकाळी पाऊस थांबला होता. पावणेआठच्या सुमाराला बिल्डिंगच्या बाजूने ढग जरा फाटले आणि तिजेची कोर दिसली, मिनिटभर असेल, धुरकट, नखाच्या कडेएवढी. बीज चुकली, एक दिवस लेट, पण मी गाऊनच्या हेमचा दोरा ओढलाच. मागे आई येऊन उभी. ती काही बोलली नाही, तिनेही पदराची दशी ओढली आणि वाऱ्यावर सोडली. ती खालच्यांच्या वाळत घातलेल्या पँटवर पडली.

मग रेलिंगला टेकून म्हणाली, “दादाला जास्तच पडले असतील नाही पैसे? तुला सांगितलं असतं तर तू सेलमध्ये आणली असतीस.”

तिने माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. कोर तोपर्यंत गेली होती.

मी म्हटलं, हो.

“फॉल-पिकोला टाक उद्या. राखीला नेस.”

त्याचे 120 रुपये घेतो तो कोपऱ्यावरचा. ते मात्र मीच देणार आहे.