भरलेल्या कॅनची करकर

कोल्हापूर–गारगोटी रस्त्यालगत माझे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच दूधवाल्यांच्या असतात. गेल्या पावसाळ्यानंतर असेच एक तात्या गाडी घेऊन आले. चेनसेट (चेन आणि तिची दोन दातेरी चाके, म्हणजे स्प्रॉकेट) बदलून त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता, मागच्या चाकातून करकर येत होती म्हणून त्यांनी दुसरीकडे दोनदा चेन ताणून घेतली होती, आणि तरीही आवाज कमी न होता वाढला होता. मी गाडी रस्त्यावर दोन फेऱ्या चालवून पाहिली, पण आवाज आला नाही. तेव्हा तात्या म्हणाले, "मिस्त्री, रिकामी गाडी गप असती. दूध घातलं की बोंबलायला लागती."

हे वाक्य ऐकल्यावर मी पाना खाली ठेवला. त्यांचे ४० लिटरचे दोन्ही रिकामे कॅन गाडीलाच अडकवलेले होते, ते टाकीतल्या पाण्याने भरून घेतले आणि पुन्हा गाडी काढली. शंभर पावलांतच चेन करकरू लागली. गाडी थांबवून, तात्यांना सीटवर बसवून मी खालच्या चेनला बोट लावले, तर ती तारेसारखी ताठ झाली होती. चिमट्याचा (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा) बोल्ट, मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल आणि पुढचे लहान स्प्रॉकेट वजनाने एका रेषेत येऊ लागले की चेन जास्तीत जास्त ताणली जाते, म्हणून तिला रिकाम्या गाडीवर ढील, म्हणजे खालीवर हलायला मोकळीक, ठेवावी लागते. या गाडीला ही ढील २५ मिलिमीटरच्या आसपास हवी होती, पण कॅन उतरवून मोजली तेव्हा १० मिलिमीटरसुद्धा भरली नाही. आवाज म्हणजे चेन ढिली, असे धरून ती दोनदा ताणली गेली होती आणि तपासणी दोन्ही वेळा रिकाम्या गाडीवरच झाली असावी.

चेन ढिली करून गाडी देता आली असती, परंतु मागच्या चाकावरच्या मोठ्या स्प्रॉकेटकडे पाहताना मला एक गोष्ट खटकली. दातांची टोके अजून वाकलेली नव्हती, पण त्यांची एकच बाजू आरशासारखी चकाकत होती आणि चेनच्या आतल्या पट्ट्यांवरही त्याच बाजूला घासल्याची रेघ होती. याचा अर्थ चाक तिरके बसले होते. चिमट्यावरच्या खुणा पाहाव्यात, तर चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या डाव्या-उजव्या दोन्ही अ‍ॅडजस्टरच्या खुणा अगदी बरोबर जुळत होत्या. या खुणांवर माझा पूर्ण विश्वास कधीच नसतो, म्हणून मी दोरी काढली. पोराला गाडी सरळ धरायला सांगितले, मागच्या टायरला वळसा घालून दोरीची दोन्ही टोके दोन बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत नेली आणि मागच्या टायरच्या दोन्ही कडांना दोरी नुसती टेकेल इतकी ताणली. पुढचा टायर मागच्यापेक्षा थोडा अरुंद असल्याने दोन्हीकडे सारखी, बारीक फट दिसायला हवी होती. प्रत्यक्षात डावी दोरी टायरला घासत होती आणि उजवीकडे बोट सहज जाईल एवढी फट होती.

मग चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत पोलादी टेपने दोन्हीकडची लांबी मोजली. उजवी बाजू २ मिलिमीटरने जास्त भरली. अ‍ॅक्सलच्या दोन टोकांतला एवढासा फरक पुढच्या चाकापर्यंत पोचेतो सेंटीमीटरभर होतो. उजवा अ‍ॅडजस्टर नीट पुसून पाहिला, तर तो डाव्याच्या जोडीचा नव्हता. कधीतरी मोडलेल्याच्या जागी दुसऱ्याच गाडीचा बसवला गेला होता आणि त्यावरची खूण वेगळ्या जागी होती. खुणा जुळवणाऱ्याने आपले काम मनापासून केले असणार, पण त्यामुळेच चाक तिरके होत गेले.

चेनची खात्री करणे बाकी होते. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवले, तेव्हा एका जागी चेन घट्ट होत होती. तिथे चेनवर आणि समोरच्या टायरवर खडूने खूण केली. मोठ्या स्प्रॉकेटला ४२ दात आणि चेनला ११२ कड्या असल्याने चेनचा एक फेरा पुरा व्हायला चाकाला पावणेतीनच्या जरा आत फेरे घ्यावे लागतात, म्हणजे दोन्ही खुणा दर फेऱ्याला एकत्र येत नाहीत. घट्टपणा टायरच्या खुणेबरोबर आला असता, तर मी स्प्रॉकेट किंवा हबवर संशय घेतला असता. तो दर वेळी चेनच्या खुणेबरोबर आला. रॉकेलने धुऊन, तेल देऊन हलवल्यावरही तिथल्या दोन कड्या मोकळ्या झाल्या नाहीत. दीड महिन्यांची चेन काढायला सांगताना मला वाईट वाटले, परंतु भार घेणाऱ्या गाडीवर ती ठेवणे मला पटले नाही. पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट हलवून पाहिला. सुदैवाने बेअरिंगमध्ये खेळ आलेला नव्हता.

नवी चेन घालून दोन्हीकडची लांबी टेपने सारखी केली, दोरी पुन्हा लावली, ढील ठेवली आणि चाक सरकल्यामुळे बदललेला ब्रेकच्या दांड्याचा खेळही दुरुस्त केला. पाण्याने भरलेले कॅन लावून तात्यांनी स्वतः गाडी फिरवून आणली, तेव्हा फक्त इंजिनाचा आवाज येत होता. त्यांच्या समोरच मी उजव्या अ‍ॅडजस्टरवरची जुनी खूण कानसने घासून काढली आणि डाव्या खुणेच्या बरोबरीने छिन्नीने नवी खूण पाडली.