जर्मन खेड्यात सहकारी हीटिंगचं जाळं उभं करताना

उत्तर हेसेनमधल्या आमच्या गावात नव्वद घरं आहेत. बहुतेक जुनी, लाकडी चौकटीची, तळघरात तेलाची टाकी असलेली. अशा घराला वर्षाला साधारण ३,००० लिटर हीटिंग ऑइल लागतं. आज यातली साठ घरं गावाच्या कडेला असलेल्या एकाच बॉयलरघरातून गरम पाणी घेतात. या कामाची तांत्रिक बाजू आणि कागदपत्रं मी सांभाळली. जर्मनीत खेड्यात राहणाऱ्या किंवा गावपातळीवर ऊर्जेचं काम करणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे.

आधी उष्णता का, ते सांगतो. पवनचक्की गावाच्या शिवारात उभी असते, पण तिची वीज ग्रिडमध्ये जाते आणि मालक कुठल्याही शहरातला असू शकतो. गावाच्या वाट्याला सावली आणि आवाज येतो. नवीकरणीय ऊर्जेच्या कायद्यात २०२१ पासून गावपालिकांना दर युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत रक्कम देण्याची सोय झाली. ती चांगलीच आहे, पण त्याने पवनचक्की गावाची होत नाही. उष्णता मात्र खेड्याच्या छोट्या जाळ्यातून लांब नेणं परवडत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या आतच ती वापरावी लागते, म्हणजे शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. म्हणून ज्या खेड्यांनी ऊर्जा हीच आपली ओळख केली, तिथे बहुतेक ठिकाणी जमिनीखाली गरम पाण्याचा पाइप सापडतो. ग्योटिंगेनजवळचं युन्डं हे २००५ मध्ये जर्मनीतलं पहिलं बायोएनर्जी गाव झालं. बायोगॅस, लाकडाच्या ढलप्यांचा बॉयलर आणि गावभर फिरणारा पाइप अशी तिथली रचना. ब्रांडेनबुर्गमधल्या फेल्डहाइमने, म्हणजे जेमतेम १३० वस्तीच्या गावाने, २०१० मध्ये उष्णतेबरोबर स्वतःच्या विजेच्या ताराही टाकल्या.

आता काम. पहिली चूक सगळीकडे एकच होते: लोक बॉयलर निवडण्यापासून सुरुवात करतात. सुरुवात सह्यांपासून करायची असते. कारण सगळा हिशोब एका आकड्यावर उभा आहे: पाइपसाठी खोदलेल्या चराच्या एका मीटरमागे वर्षाला किती उष्णता विकली जाते. एक घर वर्षाला २५,००० युनिट उष्णता घेतं असं धरा (विजेसारखंच, एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). साठ घरं म्हणजे १५ लाख युनिट. चर २,००० मीटर, म्हणजे मीटरमागे ७५० युनिट. मीटरभर चरातून सरासरी १५ वॉट उष्णता मातीत जाते, वर्षाला सुमारे १३१ युनिट. म्हणजे बॉयलरघरातून निघालेल्या उष्णतेपैकी १५ टक्के वाटेत गेली. हे चालतं. पण सह्या चाळीसच मिळाल्या, तर चर फक्त १,८०० मीटरवर येतो, कारण घरं विखुरलेली असतात आणि मधली गल्ली खोदावीच लागते. मीटरमागे ५५५ युनिट विक्री, वाटेतली गळती १९ टक्के, आणि खोदाईचा जवळपास तोच खर्च चाळीस घरांवर. ५०० च्या खाली आकडा गेला तर तिथेच थांबावं.

सह्या कशा मिळतात, यावर मी ठामपणे सांगेन. सल्लागार कंपनीचं सादरीकरण ऐकून कुणी सही करत नाही. आमच्याकडे प्रश्नावली स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या लोकांनी घरोघर नेली. जर्मन खेड्यात हे दल, गायन मंडळ आणि किर्मेस, म्हणजे गावजत्रा, भरवणारी पोरं हाच गावाचा कणा असतो. दलातला माणूस तळघरात उतरतो, टाकी बघतो, गेल्या तीन वर्षांची तेलाची बिलं मागतो, आणि लोक ती दाखवतात. प्रश्नावलीत विचारायच्या गोष्टी मोजक्या ठेवा: वर्षाचा तेल किंवा गॅसचा खप, बॉयलरचं वय, चुलीत जळणारं लाकूड, घरात किती माणसं, पुढच्या दहा वर्षांत घर कोण चालवणार. शेवटचा प्रश्न नाजूक आहे, पण म्हातारं जोडपं एकटं राहत असेल तर तोच निर्णायक ठरतो. अशा घरांशी बोलताना मुलांनाही बोलवा. तोंडी होकार मोजू नका. फक्त सही केलेला पूर्वकरार मोजा आणि त्यात अट घाला: अमुक इतकी घरं झाली नाहीत तर करार आपोआप रद्द. ही अट असली की सही करणाऱ्याला भीती राहत नाही.

संस्था सहकारीच असावी, असं माझं मत. मराठी माणसाला हे समजावावं लागत नाही: भागभांडवल, सभासद, एक माणूस एक मत, वार्षिक सर्वसाधारण सभा. ही पद्धत इथलीच आहे. राइफायझन या जर्मन सहकार-प्रवर्तकाने ऱ्हाइनकाठच्या हेडेसडॉर्फमध्ये १८६४ साली शेतकऱ्यांची पतसंस्था काढली आणि त्याच धर्तीवर भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपल्याकडच्या गावोगावच्या सोसायट्यांचं मूळ तिथं आहे. जर्मन कायद्यात तीन सभासदांनी संस्था निघते. वीसपेक्षा जास्त सभासद असले की किमान दोघांचं संचालक मंडळ आणि तिघांचं देखरेख मंडळ लागतं. एक गोष्ट आपल्यापेक्षा कडक आहे: ऑडिट करणाऱ्या महासंघाचं सभासदत्व सक्तीचं आहे. नोंदणीआधीच तो महासंघ तुमचा आर्थिक आराखडा तपासतो आणि त्याच्या शेऱ्याशिवाय न्यायालय नोंद करत नाही. याला काही महिने जातात, वेळापत्रकात ते धरा. हा तपास डोकेदुखी वाटतो, पण आमच्या आराखड्यातली एक मोठी चूक त्यांनीच पकडली. आम्ही सगळी घरं पहिल्याच वर्षी जोडली जातील असं धरलं होतं. तसं होत नाही. ज्याचा बॉयलर पाच वर्षांचा आहे तो थांबतो.

पैशाच्या बाबतीत २०२२ पासूनची केंद्राची उष्णता-जाळ्यांची योजना बघा. सोळापेक्षा जास्त इमारती किंवा शंभरपेक्षा जास्त निवासी घरं असलेल्या जाळ्याला ती लागू होते. व्यवहार्यता अभ्यासाचा ५० टक्के आणि उभारणीचा ४० टक्केपर्यंत खर्च मिळू शकतो. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत पाइप, बॉयलर किंवा खोदाईच्या कुठल्याही करारावर सही करू नका. ठेकेदार म्हणतो, भाव वाढतील, लगेच ऑर्डर द्या. दिली की अनुदान गेलं.

इंधनावर गावात सर्वात जास्त वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पर्याय दोन: बायोगॅस किंवा लाकूड. बायोगॅसचा हिशोब बघा. हेक्टरी ४५ टन मक्याचा मुरघास, टनाला सुमारे २०० घनमीटर गॅस, घनमीटरला साधारण दोन युनिट वीज. म्हणजे एका हेक्टरातून १८,००० युनिट. ५०० किलोवॉटचा प्लांट वर्षात ८,००० तास चालला तर ४० लाख युनिट, त्यासाठी सुमारे २२० हेक्टर मका, म्हणजे साडेपाचशे एकर. शेण मिसळलं तर कमी लागतो, पण शेणाच्या टनातून जेमतेम २५ घनमीटर गॅस येतो. प्लांट वाढले तसे जर्मनीतले अनेक टापू नुसते मक्याचे झाले, म्हणून २०१२ च्या कायद्यात नव्या प्लांटसाठी मक्याला वजनाच्या ६० टक्क्यांची मर्यादा घातली आणि पुढे ती आणखी खाली आली. आमच्या टेकडीवर मोहरीची पिवळी शेतं, गहू, कुरणं आहेत. ती लोकांना जशी आहेत तशी हवी होती. हा भावनेचा मुद्दा म्हणून कुणी बाजूला सारू नये. लोक ज्या शिवाराला आपलं म्हणतात ते बदलून त्यांच्याकडूनच सह्या मागता येत नाहीत.

आम्ही ढलप्या निवडल्या. २०१८ पासूनच्या दुष्काळांत आणि खोडकिड्यात इथली स्प्रूसची झाडं मोठ्या प्रमाणात मेली, त्यामुळे आज लाकूड भरपूर आहे. पण हे भरपूर कायमचं नाही. आराखड्यात दरवर्षी जंगलातून टिकाऊपणे निघेल तेवढंच लाकूड धरा, मेलेल्या झाडांचा साठा धरू नका.

आकार ठरवताना साठ घरं गुणिले १५ किलोवॉट, म्हणजे ९०० किलोवॉटचा बॉयलर, असं करू नका. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण उष्णता मागत नाहीत. ०.६ ने गुणलं की ५४०, वाटेतल्या गळतीचे ३० मिळवले की ५७०. तोही एकच बॉयलर नको. उन्हाळ्यात मागणी गळती आणि अंघोळीच्या पाण्यापुरती उरते. मोठा बॉयलर ३० टक्क्यांखाली चालवला की लाकूड धुमसतं, डांबर धरतं, धुराडं खराब होतं. आम्ही ४०० आणि २०० असे दोन घेतले, सोबत गरम पाण्याची १८,००० लिटरची साठवण टाकी, म्हणजे किलोवॉटमागे ३० लिटर.

ढलप्यांचा ओलावा ही रोजची बाब. ३० टक्के ओलाव्याला किलोमागे ३.४ युनिट मिळतात, ५० टक्क्यांना फक्त २.२. म्हणून वजनावर किंवा घनमीटरवर खरेदी करू नका. मीटरने मोजलेल्या उष्णतेवर पैसे द्या. पुरवठादार आपोआप लाकूड वाळवून आणतो. आम्हाला वर्षाला २,७०० ते २,८०० घनमीटर लागतात, म्हणजे ३० घनमीटरच्या नव्वदेक ट्रॉल्या. माती आणि झाडाची साल जास्त असली तर राख वितळून जाळीवर काचेसारखे खडे धरतात. तो खडा हातात घेऊन बघा, खालून चकचकीत आणि वर वाळूचे कण चिकटलेले. वाळू दिसली की लाकूड जमिनीवरून ओढत आणलं आहे हे कळतं.

खोदाईत पाइपवर ८० सेंटिमीटर माती, खाली-वर १० सेंटिमीटर बिनखड्याची वाळू. जाणारा आणि येणारा पाइप एकाच कवचात असलेला घेतला तर गळती कमी होते. सांधे हा कच्चा दुवा. चरात पाणी साचलेलं असताना सांध्याचं कवच कधीही बसवू देऊ नका. ओल आत राहिली की इन्सुलेशन कुजतं आणि ते पाच वर्षांनी कळतं. प्रत्येक सांध्याचा फोटो आणि मोजमाप माती ढकलण्याआधी घ्या. त्याच चरात इंटरनेटच्या फायबरसाठी रिकामी नळी टाका, खर्च नगण्य आहे.

गावाच्या चौकात जुनं लिंडेनचं झाड आहे. जर्मन खेड्यात या झाडाखाली पूर्वी सभा भरत आणि नाच होत. आपल्या पारावरच्या पिंपळासारखंच त्याचं स्थान. झाडांच्या संरक्षणाचं जर्मन मानक सांगतं की चर खोडापासून खोडाच्या घेराच्या चौपट अंतरावर हवा, किमान अडीच मीटर. घेर पाच मीटर असेल तर वीस मीटर, आणि एवढा चौकच नाही. अशा वेळी मुळांच्या पट्ट्यात यंत्राने खोदायचं नाही. माती शोषून घेणारी गाडी बोलवायची, मुळं उघडी करायची, पाइप त्यांच्या खालून सरकवायचा आणि मुळं वाळू नयेत म्हणून ओलं गोणपाट घालायचं. नऊ मीटरला पूर्ण दिवस लागला. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. त्या दिवशी जितके लोक चराकाठी उभे होते तितके कुठल्याही सभेला आले नव्हते.

घरातली जोडणी झाल्यावर खरी परीक्षा परतीच्या पाण्याची. पाणी ८० अंशांना जातं, ५० ला परत यायला हवं. १५ किलोवॉटच्या घराला ३० अंशांच्या फरकावर तासाला ०.४३ घनमीटर पाणी लागतं. परत येणारं पाणी ६५ अंशांचं असेल तर दुप्पट लागतं, पंप दुप्पट पाणी ढकलतो आणि गल्लीच्या टोकाचं घर थंड राहतं. कारण बहुधा त्या घरात नसतंच. आधीच्या कुणा घरात जुन्या तेल-बॉयलरचा मिक्सिंग व्हॉल्व्ह तसाच राहिलेला असतो, किंवा रेडिएटरचं संतुलन केलेलं नसतं आणि पाणी जवळच्या खोलीतून सरळ परत फिरतं. प्रत्येक घराच्या स्टेशनवर, म्हणजे जाळ्यातली उष्णता घरात घेणाऱ्या जोडणी-पेटीवर, प्रवाह मर्यादित करा आणि दर ठरवताना थंड परतीला सूट द्या. सूट पंधरा दिवसांत व्हॉल्व्ह बदलून घेते, विनंती वर्षभर पडून राहते.

जुनी तेलाची टाकी अधिकृत कंपनीकडूनच साफ करून बंद करायची, तिचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं. उरलेलं तेल अजून न जोडलेल्या शेजाऱ्याला विकता येतं.

आणि न जोडलेली घरं. सही न केलेल्या घरासमोरूनही चर जातोच. ज्या अकरा घरांच्या हद्दीवर आम्ही पाइपची फांदी काढून, व्हॉल्व्ह बसवून, टोपण लावून ठेवलं, त्यांनी ते मागितलं नव्हतं. चर उघडा असताना हे काम स्वस्तात होतं. नंतर रस्ता फोडायचा तर कित्येक पटींनी महाग पडतं. हा खर्च संस्थेने करावा असा ठराव सभेत मांडा आणि मंजूर करून घ्या. टोपण लावलेली ती अकरा ठिकाणं नकाशावर निळ्या ठिपक्यांनी दाखवली आहेत, आणि नकाशा अग्निशमन दलाच्या खोलीत भिंतीवर लावलेला आहे.