सिग्नल गेला कुठे?

बर्लिनमध्ये गाडी चालवायची हौस माझीच. भाचा सांगत होता, "मामा, ऊ-बानने (म्हणजे भुयारी रेल्वेने) हिंड, सुखी राहशील." पण पुण्याहून निघताना आंतरराष्ट्रीय परवाना काढला होता, तो खिशात स्वस्थ बसू देईना.

फ्रीडरिशहाइनमधल्या एका चौकात लाल लागला. मी तीस वर्षं जसा थांबतो तसा थांबलो. म्हणजे पांढरी रेषा मागे टाकून, झेब्र्यात गाडीचं नाक खुपसून. मान वर केली तर समोर सिग्नलच नाही! डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. एक आजीबाई बॉनेटला वळसा घालून गेल्या. काही बोलल्या नाहीत, नुसतं बघितलं. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"सिग्नल गेला कुठे?"

"तुझ्या डोक्यामागे," भाचा म्हणाला. "इथे तो रेषेपाशीच असतो. रेषा ओलांडलीस की संपलं." मग तोच मान वळवून मागे बघत बसला आणि "सुटला" म्हणाला तेव्हा मी निघालो. आपल्याकडे सिग्नल बहुधा चौकापलीकडेही असतो, त्यामुळे कितीही पुढे सरका, तो दिसतोच. इथे मामा (पुण्यातले, शिट्टीवाले) उभा करायची गरजच नाही, खांबाची जागाच ते काम करते.

सेकंदांचे आकडेही कुठे दिसले नाहीत. आपल्याकडे पाचावर आकडा आला की मागून हॉर्न सुरू होतात आणि दोनावर अर्धा चौक रिकामा होतो. इथे हिरव्याच्या आधी लाल आणि पिवळा एकदम लागतात, जेमतेम एक सेकंद. गिअर टाकायला तेवढा पुरतो, पळायला पुरत नाही. मी सवयीने आडव्या रस्त्याचा पिवळा शोधत होतो, पण त्या दिव्यांना अशा टोप्या घातलेल्या की बाजूने काही दिसू नये. शहरातल्या पन्नासच्या वेगाला पिवळा तीन सेकंदांचा. लाल लागून एक सेकंद उलटल्यावर घुसलात, तर किमान 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी बंद. हे भाच्याने मी एका पिवळ्यावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सांगितलं.

सगळे बर्लिनकर काही संत नाहीत. रात्री रिकाम्या रस्त्यावर पादचाऱ्यांच्या सिग्नलमधला टोपीवाला लाल माणूस हात पसरून उभा होता (हा पूर्व जर्मनीचा, 1961 मधला, कार्ल पेग्लाऊंनी काढलेला), तरी दोन पोरं खुशाल पलीकडे गेली. शेजारी लहान मूल घेऊन उभी असलेली बाई मात्र जागची हलली नाही.

पॉट्सडामर प्लाट्झला 1924 च्या सिग्नल-मनोऱ्याची प्रतिकृती आहे. तेव्हा पोलीस वर बसून दिवे बदलायचा. "बघ, तुमचे मामा," भाचा म्हणाला.

शेवटच्या रात्री परतताना एका गल्लीच्या तोंडाशी लाल लागला. या वेळी मी शहाणा. रेषेच्या चांगला गाडीभर मागे थांबलो. सिग्नल समोर लख्ख दिसत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. मोठ्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी आमचा लाल काही हलेना.

भाचा जांभई देत म्हणाला, "मामा, जरा पुढे घे. रस्त्याखाली तारेचं वेटोळं असतं, गाडी त्यावर आली तरच त्याला कळतं. आता तू त्याला दिसत नाहीयेस."