ढग नाही गं, हलतंय ते

मे २०२४ मध्ये लडाखात हानलेच्या आकाशात लाल उजेड, म्हणजे ऑरोरा किंवा नॉर्दर्न लाइट्स, दिसल्याची बातमी आली. तेव्हा आई पेपर भिंगातून वाचायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. ती बातमी तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "डोळे झाले की हे बघायला जाऊ या." दिवाळीच्या आत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आई ते बोलणं विसरली नव्हती, आणि मीही नाही.

आधी वाटलं होतं, हानलेलाच जावं. थोडं वाचल्यावर कळलं की तिकडे तो प्रकाश दिसला तो सूर्यावरच्या फार मोठ्या वादळामुळे. आपल्या अक्षांशावरून त्याचा फक्त वरचा, दोनशे किलोमीटरच्या वरचा लाल भाग क्षितिजापाशी दिसतो, आणि तोही क्वचित. ज्याला नॉर्दर्न लाइट्स रोजच्या रोज दिसण्याची शक्यता हवी, त्याने ध्रुवाभोवतीच्या ऑरोराच्या कड्याखालीच जाऊन राहायला हवं. उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो त्या कड्याखाली येतं, जवळजवळ ७० अक्षांशावर. शिवाय समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे गावात थंडी सोसण्याइतकी असते. सदुसष्ट वर्षांच्या आईला घेऊन जायचं, तर हा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा होता.

व्हिसाबद्दल थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी माणशी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला साताऱ्याहून मुंबईला जाऊन यावं लागलं. आईच्या नावावर पगार नाही, म्हणून तिच्या फॅमिली पेन्शनचं पासबुक आणि "हिचा खर्च मी करणार आहे" असं माझं पत्र जोडलं. कागद नीट असले तर यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

मी जास्त वेळ घालवला तो सरावात. मी गेली आठ वर्षं सह्याद्रीत रात्रीचे फोटो काढते: पावसाळ्याच्या तोंडावर काजवे, उन्हाळ्यात आकाशगंगा. त्यामुळे ट्रायपॉड आणि लांब एक्सपोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं, हाताखालचं होतं. पण हातमोजे घालून कधी काम केलं नव्हतं. जानेवारीत रोज रात्री स्वयंपाकघरातले दिवे घालवून, जाड मोजे घालून कॅमेरा हाताळायला लागले. आयएसओचं, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचा त्याचं, बटण कुठे, शटरचं चाक कुठे, हे बोटांना न बघता कळायला हवं होतं. एक बॅटरी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून पाहिली. सकाळी निम्मीसुद्धा चालली नाही. म्हणून चार बॅटऱ्या घेतल्या आणि त्या आतल्या बंडीच्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या असं ठरवलं. आईने बंडीला आतून चार खण शिवून दिले.

२०२५ ची महाशिवरात्र करून आम्ही निघालो. तारीख मुद्दाम तशी धरली होती. शिवरात्रीनंतर लगेच अमावास्या, म्हणजे पुढचा आठवडा चंद्र कोवळा आणि लवकर मावळणारा. शिवाय मार्चच्या सुरुवातीला तिकडे संध्याकाळी सातनंतर पुरता अंधार होतो आणि दिवसाही फिरता येतं. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, ते आईला झेपलं नसतं. मुंबई ते ऑस्लो, तिथे एक रात्र, आणि मग दोन तासांचं ट्रोम्सोचं विमान. पाच रात्रींची खोली घेतली. दोन रात्रींवर भरवसा ठेवून कुणी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पोचल्यावर पहिली खरेदी बुटांना खालून लावायच्या काट्यांची. गावातल्या पायवाटांवर बर्फ दाबून दाबून काचेसारखा झालेला असतो. ट्रोम्सोच्या म्हाताऱ्या बायका ते काटे लावून भाजी आणायला जाताना बघितल्यावर आईची भीती गेली.

महिनाभर मी ज्या आकड्याकडे डोळे लावून बसले होते तो केपी, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा. शून्य ते नऊ अशी त्याची मोजपट्टी. मला वाटायचं, पाच झाला की काम झालं. पहिल्या रात्री आकडा चांगला होता आणि बाहेर बर्फ पडत होता. दहा मीटरवरचा दिवासुद्धा धूसर. ऑरोरा शंभर किलोमीटर उंचीवर, ढग दोन किलोमीटरवर. कड्याखाली उभं राहिल्यावर केपी दोन असला तरी पुरतो, पण ढग असले तर नऊ असून उपयोग नाही. त्या रात्री मी केपीचं ॲप बंद केलं आणि नॉर्वेच्या हवामान खात्याचा ढगांचा नकाशा उघडला. पुढचे चार दिवस तोच बघत होते. सोबत आणखी एक आकडा: बीझेड. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की हा आकडा उणे होतो, आणि पृथ्वीचं चुंबकीय कवच त्या वाऱ्याला वाट देतं. तो मोजणारा उपग्रह आपल्यापासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यामुळे हाती अर्ध्या-पाऊण तासाची आगाऊ खबर असते, त्याहून फार नाही. महिनाभर आधी कुणी खात्रीने तारीख सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या रात्री मिनीबसने गेलो. माणशी दोन हजार नॉर्वेजियन क्रोनच्या आसपास, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये पडले. रक्कम मोठी आहे, पण मला ती वसूल वाटली. कारण आपण पैसे देतो ते ढगांची भाषा कळणाऱ्या माणसाला. वाटाड्या तिशीतला मुलगा होता. त्याने नकाशा दाखवला: किनाऱ्यावर सगळं पांढरं, आणि आत स्किबोटनच्या खोऱ्यावर भोक. लिंगेनचे उंच डोंगर समुद्रावरून येणारी वाफ अडवतात, म्हणून पलीकडचं स्किबोटन कोरडं राहतं. महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना वाई-फलटणकडे ऊन असतं, तसंच. आईला हे पटकन समजलं. सव्वाशे किलोमीटर गेलो. वाटेत बर्फ थांबला, मग ढग फाटले, आणि खिडकीतून पश्चिमेला शुक्र दिसला. त्याच्या जवळच चंद्राची कोर. आईने काचेला कपाळ टेकवलं होतं. "केवढा स्वच्छ दिसतोय," म्हणाली. ऑपरेशननंतर तिने बघितलेला तो पहिला खरा अंधार होता.

उतरलो तेव्हा उणे अठरा. त्यांनी दिलेला जाड सूट आईला पायघोळ झाला, तो घोट्यापाशी दुमडून बुटात खोचला. शेकोटी पेटली, भाकरीच्या पिठाच्या दशम्या आणि सुंठीचं गरम पाणी आमचं आमच्याकडे होतं. मी ट्रायपॉड बर्फात खोल रोवला. नैऋत्येला गुरू चमकत होता. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, त्याला मोठा करून, ठिपका लहानात लहान होईपर्यंत हाताने फोकस केला. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर वाटाड्याने काढायला लावला. ऑरोराचा हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, ५५७.७ नॅनोमीटर. त्यामुळे फिल्टरच्या काचेच्या पृष्ठांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून फोटोच्या मध्यावर पाण्यातल्यासारखी वलयं उमटतात. ही गोष्ट मी कुठेतरी वाचली होती आणि विसरले होते.

मी मान खाली घालून आयएसओ लावत होते. मागून आई म्हणाली, "अगं, तो पट्टा बघ."

उत्तरेला डोंगराच्या कडेवरून राखाडी-पांढरा पट्टा निघाला होता, दुधाचं भांडं पुसल्यावर फडक्यावर राहतो तसा. मी म्हटलं, "आई, ढग येतोय परत."

"ढग नाही गं, हलतंय ते."

मी बघत राहिले. ढग जसा सरकतो तसा तो सरकत नव्हता. एका टोकाला घट्ट होत होता, दुसऱ्या टोकाला विरत होता, आणि त्याच्यातून तारे दिसत होते. आठ सेकंदांचा फोटो काढला. पडद्यावर हिरवा आला. मंद उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, म्हणून सौम्य ऑरोरा डोळ्यांना राखाडीच दिसतो. कॅमेरा आठ सेकंद प्रकाश साठवतो, त्याला रंग मिळतो. फोटोंमधला गर्द हिरवा मनात धरून गेलेली माणसं हा पहिला पट्टा ढग समजून बसमध्ये जाऊन बसतात. आमच्यासोबतचे दोघे बसले होते, आईने हाताने खुणा करून त्यांना बाहेर बोलावलं.

अर्ध्या तासाने तो पेटला. मग डोळ्यांनाही हिरवा दिसला, कोवळ्या तुरीच्या शेंगेसारखा, आणि खालच्या काठाला क्षणभर गुलाबी झालर. ती नायट्रोजनची. वरचा हिरवा ऑक्सिजनचा. पडदा वाऱ्यात फडफडावा तसा तो या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत फडफडला, आणि आवाज मात्र कसलाच नाही. इतकी मोठी गोष्ट इतकी नि:शब्द असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आई हात जोडून उभी होती.

मी १४० फोटो काढले. सकाळी खोलीवर लॅपटॉप उघडला तेव्हा पहिले सहा सोडून सगळे धूसर निघाले. तारे ठिपक्यांऐवजी बत्ताशांसारखे. कॅमेरा फिरवताना जाड मोज्याचा अंगठा फोकसच्या कड्याला लागला होता, आणि छोट्या पडद्यावर ते कळलं नाही. मला रडू आलं. आठ महिन्यांची तयारी, आणि जी गोष्ट काजव्यांच्या फोटोत मी दर वेळी तपासते ती तिथे तपासली नाही. आई शेजारी बसली. "मी बघितलंय ना," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अजून रात्री आहेत."

तिसरी रात्र ढगांत गेली. दिवसा मी दुकानातून कापडी चिकटपट्टी आणली आणि संध्याकाळी आईला बिर्कलँडची गोष्ट सांगितली. हा नॉर्वेचा शास्त्रज्ञ. त्याने निर्वात पेटीत चुंबकी गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉन सोडले आणि गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटवून दाखवली. पुढे नॉर्वेने त्याला दोनशे क्रोनच्या नोटेवर छापलं. आईला ती नोट बघायची होती, पण ती आता चलनात नाही.

चौथ्या रात्री नकाशावर खुद्द गावावरच भोक होतं. बस नको, गाडी नको. बेटाच्या माथ्यावरच्या प्रेस्टवानेट तळ्यावर चालत गेलो, सावकाश, आईच्या चालीने पाऊण तास चढ. तळं गोठून त्यावर बर्फ साचलेला. गुरूवर फोकस केला, कडं चिकटपट्टीने जखडून टाकलं, आणि दर दहा मिनिटांनी फोटो मोठा करून तारे तपासायचं काम आईला दिलं. तिने ते मन लावून केलं. "बारीक आहेत," ती दर वेळी सांगायची.

साडेदहाला सुरू झालं आणि दीडपर्यंत चाललं. पट्टा मंद होता तोवर आयएसओ ३२००, लेन्सचं तोंड एफ २.८ वर, शटर आठ सेकंद. डोक्यावर येऊन वेगाने हलायला लागला तेव्हा दोन सेकंदांवर आणलं, नाहीतर झालरी एकमेकींत मिसळून नुसता हिरवा लगदा होतो. पडद्यावर दिसतं त्यावर न जाता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा, कारण काळोखात सगळेच फोटो उजळ वाटतात. एकदा तर सगळं थेट माथ्यावर आलं आणि एका बिंदूतून चारी बाजूंना किरण सुटले. त्याचा फोटो माझ्याकडे आहे, पण तो सबंध आकाशाचा एक तुकडा आहे. लेन्समध्ये मावलंच नाही.

खोलीत शिरण्याआधी, बाहेर थंडीतच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि सकाळपर्यंत उघडायचं नाही. नाहीतर उबेत येताच काचेवर आतून-बाहेरून पाणी सुटतं. आईला फोटो लगेच बघायचे होते. मी कार्ड बाहेरच काढून घ्यायला विसरले होते. त्यामुळे आम्ही दोघी चहा करून पिशवीकडे बघत बसलो.

सकाळी बघितले. सगळे बारीक, टोकदार. मी एक फोटो संगणकावर नीट करून आईपुढे धरला. तिने बराच वेळ पाहिला. "एवढं हिरवं नव्हतं."

"आई, कॅमेऱ्याने हिरवंच टिपलंय. मी काही घातलेलं नाही."

"असेल. पण मला असं नाही दिसलं."

साताऱ्याला आल्यावर फ्रेमसाठी तिने निवडलेला फोटो प्रेस्टवानेटचा नव्हता. स्किबोटनचे जे पहिले सहा वाचले होते त्यातला एक तिला हवा होता: डोंगराच्या कडेवरून निघालेला तो नुसता पट्टा. मी हिरवा रंग उतरवून एक प्रिंट काढली. तिने मान हलवली. अजून उतरवला, दुसरी काढली. तीही नाही. तिसऱ्या वेळी जवळजवळ राखाडीच ठेवला, हिरव्याची नुसती छटा. तिने चष्म्याशिवाय, खिडकीपाशी उजेडात नेऊन तो बघितला.

"हं," म्हणाली. "असं होतं."