उत्तर सरळ का सांगत नाही?

‘काका, एका ओळीचे उत्तर असते, ते सांगून टाकायचे सोडून तुम्ही पोरांना अर्धा अर्धा तास का बसवून ठेवता?’ जेलरोडच्या आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक आईने हा प्रश्न मला एकदा तरी विचारला आहे, आणि दर वेळी ‘स्वतः शोधले की लक्षात राहते’ असे काहीतरी पोक्त उत्तर देऊन मी वेळ मारून नेली आहे. ते उत्तर खोटे नाही, पण पुरेसेही नाही. आता पुन्हा विचारलेत म्हणून एकदाचे सगळे लिहून टाकतो.

इंग्रजीपुरते म्हणाल तर माझी बाजू भक्कम आहे. ‘अ’ की ‘ॲन’ या गाळलेल्या जागा घ्या. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, असा नियम मुले घोकून येतात आणि मग ‘ऑनेस्ट’ला ‘अ’ व ‘युनिव्हर्सिटी’ला ‘ॲन’ लावून मोकळी होतात. मी त्यांना तोच शब्द देवनागरीत लिहायला लावतो. ऑनेस्टच्या आरंभी ‘ऑ’ हा स्वर येतो, युनिव्हर्सिटीच्या आरंभी ‘य’ हे व्यंजन, आणि ‘वन रुपी नोट’च्या आरंभी ‘व’, म्हणून तेथेही ‘अ’. नियम कानाचा आहे, आणि कानाला ऐकू येते ते लिहून दाखवायला आपली लिपी इतकी सोयीची असताना ती वापरायची नाही, हा करंटेपणा झाला. याला लागणारी वीस मिनिटे मी कोणाचीही क्षमा न मागता घेतो.

सामान्यज्ञानाचे मात्र तसे नाही. तेथे मी उत्तर सांगत नाही, याचे खरे कारण भीती हे आहे.

पूर्वी मी सांगत असे, किंबहुना नको तितके सांगत असे. माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात तपासणीवर गेली. चुकीचा कागद बोटांखालून पुढे जाऊ द्यायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतर सुटत नाही. गाइडमध्ये ‘भारतात नोटा कोठे छापतात? नाशिक’ असे दिसले की गावाचा अभिमान बाजूला ठेवून देवास, म्हैसूर आणि सालबोनी ही नावेही मी वहीत घालायला लावत असे.

पाच वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची पाचवीतली मुलगी एका खासगी सामान्यज्ञान परीक्षेला बसणार होती. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, या प्रश्नापुढे सरावाच्या पुस्तकात ‘हॉकी’ छापलेले होते. मी ते खोडले. मोर १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी म्हणून जाहीर झाला, तशी घोषणा कोणत्याही खेळाची झालेली नाही. एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारल्यावर २०१२ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने तसे कळवलेही होते. १९२८ ते १९५६ या काळात हॉकीत ऑलिंपिकची सलग सहा सुवर्णपदके आली आणि लोकांनी हे मनानेच ठरवून टाकले, असे सगळे मी तिला रंगवून सांगितले. शाळकरी मुलीने सरकारला प्रश्न विचारला, हे तिला इतके आवडले की तिने ते घरी जाऊन आईलाही सांगितले.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. खाली चार पर्याय होते: क्रिकेट, कबड्डी, हॉकी, खो-खो. चारही चूक आहेत हे ठाऊक असल्यामुळे तिने चारही गोल कोरे ठेवले. तिचा चौथा क्रमांक आला. बक्षिसे तीनच होती, आणि तिसऱ्या मुलापेक्षा तिला एक गुण कमी होता.

तिची आई निकालाचा कागद घेऊन खाली आली. भांडली असती तर बरे झाले असते. ‘तुमचे खरे असेल हो काका, पण तिचा मार्क गेला ना,’ एवढेच ती म्हणाली आणि चहा घेऊन गेली. मी आयोजकांना मंत्रालयाच्या त्या उत्तराच्या बातमीचे कात्रण जोडून दोन पानी पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही. मुलगी आठ दिवस फिरकली नाही. नवव्या दिवशी आली, वही उघडली आणि दुकानदाराला सुटे आहेत का विचारावे इतक्या सहज म्हणाली, ‘आजोबा, खरे उत्तर सांगणार आहात की मार्कांचे?’

तेव्हाच्या माझ्याशी मी अजून भांडतो. खरे सांगितलेस ते ठीक, पण परीक्षेत कोणता तरी गोल काळा करावा लागतो, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? तो म्हणतो, छपाई सदोष आहे हे दिसत असताना ‘बाजारात चालेल’ म्हणून नोट पोरीच्या हातात द्यायची होती का? यावर मला बोलता येत नाही. मात्र किंमत तिने मोजली, त्याने नव्हे, हे त्याच्या गळी काही केल्या उतरत नाही.

म्हणून आता मी नकाशा पुढे सरकवतो. कळसूबाई कोणत्या जिल्ह्यात, असे कोणी विचारले तर अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले आणि नाशिक जिल्ह्यातले इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर ज्याचे त्याने बोट ठेवावे आणि काय लिहायचे ते ठरवावे. तुम्ही याला शिकवण्याची पद्धत समजता, कधी कौतुकही करता. यात निम्मा भाग हात झटकण्याचा आहे.

ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या आठवड्यात तिचा चौथीतला भाऊ तोच प्रश्न घेऊन आला. कपाटातले कात्रण काढावे की नाही या विचारात मी असताना, त्याला न्यायला आलेली ती दारातूनच म्हणाली, ‘हॉकी लिही रे.’ त्याने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्याने हॉकी लिहिले आणि दोघे जेवायला वर गेली.