चौथं चित्र

मंगळवार, रात्री उशिरा

आमच्या रिसर्च पेपरची शेवटची आवृत्ती दुपारी मेलवर आली. लेखकांत माझं नाव नाही. शेवटी आभारांत आहे, इन्क्युबेटर दुरुस्त करून देणाऱ्यांच्या शेजारी. सर फोनवर म्हणाले, यादी फार लांबत होती. नेहाचं आहे, त्या नव्या मुलाचंही आहे. मी "बरं सर" म्हणाले आणि ट्रेमधलं पाणी बघायला गेले.

बाबांना काय सांगायचं, ते उद्या बघू.

कोंबडीची अंडी मी लावली म्हणून नाव हवं, असं मी म्हणतच नाहीये. तरी ते काम नुसतं हाताचं आहे असं कुणी म्हटलं की आत काहीतरी तुटतं. बोथट टोकातून सुईनं थोडं पांढरं ओढून घ्यायचं, म्हणजे गर्भ कवचापासून खाली सरकतो. वरून वाकड्या कात्रीनं खिडकी कापायची. तीन दिवसांच्या गर्भाचं हृदय तेव्हा लालबुंद धडधडत असतं आणि पंखाची कळी, म्हणजे पुढे जिचा पंख होतो तो उंचवटा, जेमतेम वर आलेली असते. ती काढताना हात किंचित जड झाला की रक्त, की संपलं. मग सेलोटेप, आणि कवचावर पेन्सिलनं तारीख आणि एचएच १८.

एचएच १८ म्हणजे गर्भाच्या वाढीचा अठरावा टप्पा. त्यातला पहिला एच म्हणजे गर्भशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर. कोंबडीच्या गर्भाचे ४६ टप्पे त्यांनी हॅमिल्टनबरोबर १९५१ मध्ये ठरवून दिले, आजही जगभर तेच चालतात. संध्याकाळपासून हा माणूस मनातून जात नाहीये.

१९३४ मध्ये त्यांनी दाखवलं, की पंखाची कळी काढली की मज्जारज्जूत त्या बाजूच्या चेतापेशी कमी भरतात. त्यांना वाटलं, अवयवाकडून निरोपच जात नाही म्हणून पेशी कमी घडतात. इकडे तुरिनमध्ये रिता लेव्ही-मोंताल्चिनी. १९३८ च्या वंशकायद्यांनी ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठ बंद झालेलं, तर राहत्या खोलीत प्रयोगशाळा मांडून बसल्या. तोच प्रयोग केला आणि वेगळंच दिसलं: पेशी घडतात, पण नंतर मरतात. हॅम्बर्गरना ते युद्धानंतर कळलं. आपलं स्पष्टीकरण खोडणाऱ्या या बाईंना त्यांनी अमेरिकेत, सेंट लुईसला बोलावून घेतलं. १९४७ मध्ये त्या एका सत्रासाठी गेल्या आणि तिथल्या विद्यापीठाशी तीसेक वर्षं जोडलेल्या राहिल्या. चेतावाढीचा घटक, म्हणजे चेतापेशींना जगवणारं, वाढवणारं प्रथिन, तिथे त्यांच्या आणि स्टॅन्ली कोहेनच्या हाती लागला.

मला हे इतकं लागतंय, कारण आमच्याकडेही तेच झालं. औषध दिलेल्या गर्भांत पेशी कमी दिसत होत्या, आणि त्या घडल्याच नाहीत असं सगळे धरून चालले होते. आधीच्या टप्प्यावर मोजून बघूया, असं मी म्हणाले. मोजल्या. तिथे पेशी पुरेशा होत्या, म्हणजे मागाहून मेल्या. पेपरातलं चौथं चित्र ते हेच. ते सुचणं आभारांत कसं काय बसतं?

१९८६ चं नोबेल कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनींना मिळालं. तिघांना देता येतं, एक जागा मोकळी होती. हॅम्बर्गर तेव्हा ८६ वर्षांचे होते. वाईट वाटलं असणारच, मला तरी राहून राहून तेच वाटतं. पण ऐंशी उलटल्यावर, १९८१ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तोच घटक गर्भांना टोचून दाखवून दिलं होतं, की एरवी मरणाऱ्या संवेदी पेशी त्यानं जगतात. एवढ्या वयातही त्यांना त्या पेशींचं काय होतं हे बघायचं होतं. २००१ मध्ये, शंभरी गाठून ते गेले.

माझी त्यांच्याशी काय बरोबरी! पण घटकाभरापूर्वी जेवढा जीव कडू झाला होता, तेवढा आता नाही. फेलोशिप मार्चमध्ये संपते... ते राहू दे.

सरांना मेल लिहिलाय. चौथं चित्र कसं सुचलं, कुठल्या मीटिंगमध्ये बोलणं झालं, सगळं सरळ लिहिलंय, रडगाणं नाही. सकाळी एकदा वाचून पाठवते. यादी बदलेल असं काही वाटत नाही. गुरुवारी हॅचरीतून अंडी यायचीत, ती मीच लावणार आहे. एचएच २७ ला डाव्या बाजूला मरणाऱ्या पेशी एकाच पट्ट्यात दाटलेल्या दिसल्या होत्या. दर वेळी तिथेच असतात का, हे मला बघायचंय.