तुम्ही विचारलंत म्हणून: शेकडो किलोमीटर पाहणारं रडार लाटांलगतचं क्षेपणास्त्र इतक्या उशिरा का टिपतं?

विनाशिकांचा (डिस्ट्रॉयर युद्धनौकांचा) विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. माझगाव डॉकनं बांधलेली, १६ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईत नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस कोलकाता’ घ्या. तिच्या मुख्य मास्टवर (डोलकाठीवर) एमएफ-स्टार रडारची चार स्थिर पटलं चारही दिशा सांभाळतात. उंचावरचं विमान त्यांना फार लांबून दिसतं. लाटांलगतचं क्षेपणास्त्र मात्र पृथ्वीच्या गोलाईआड असतं, तिथे रडारची ताकद वाढवून काही उपयोग नाही.

हिशेब असा: अँटेना आणि लक्ष्य, दोघांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढा, बेरजेला ४.१२ नं गुणा, की किलोमीटर मिळतात. अँटेना २५ मीटरवर आणि क्षेपणास्त्र ४ मीटरवर असेल तर ५ अधिक २, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर. सेकंदाला ३०० मीटर वेग असला तर हाती ९६ सेकंद, ध्वनीच्या अडीचपट असला तर जेमतेम ३४. अँटेना ३६ मीटरवर नेली तरी चारच किलोमीटर वाढतात, आणि तेवढ्यासाठी वर चढवलेलं वजन जहाजाचा तोल बिघडवतं.

त्या सेकंदांतही सगळं सुरळीत होत नाही. पाण्यावरून परावर्तित झालेला प्रतिध्वनी थेट प्रतिध्वनीत मिसळतो, त्यामुळे रडारला दिसणारी लक्ष्याची उंची वर-खाली उडते आणि ट्रॅक, म्हणजे लक्ष्याचा माग, तुटतो. येणारं क्षेपणास्त्र पाडायला कोलकाता जे बराक-८ क्षेपणास्त्र डागते, त्याला स्वतःचं रडार आहे, म्हणून शेवटच्या टप्प्यात जहाजावरून रडारचा झोत रोखून लक्ष्य ‘उजळत’ ठेवावं लागत नाही. मला हा मोठा फायदा वाटतो. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकांत एसएम-२ या तशाच बचावाच्या क्षेपणास्त्रासाठी असे उजळणारे फक्त तीन रडार आहेत. एकाच वेळी जास्त क्षेपणास्त्रं आली की ते आळीपाळीनं वापरावे लागतात.

शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत एके-६३० या झपाट्यानं गोळ्या झाडणाऱ्या तोफांवर भिस्त. इथे जुळणी चोख हवी: तोफ आणि रडार यांच्यात एक मिलिरेडियनची (अंशाच्या सुमारे सतराव्या भागाची) चूक २ किलोमीटरवर २ मीटरची होते, आणि गोळ्या बाजूनं निघून जातात. उन्हानं एका बाजूला तापलेला सांगाडाही किंचित वाकतो. म्हणून ही जुळणी एकदा करून भागत नाही, पुन्हापुन्हा तपासावी लागते.

खरा उपाय उंचीवरून पाहण्याचा. रडार वाहणारं कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर ३,००० मीटरवर गेलं की वरच्याच सूत्रानं क्षितिज २३० किलोमीटरपलीकडे सरकतं. पण ते काही तासांत उतरतं, आणि दुसरं वर पोहोचेपर्यंत जहाजाच्या हाती पुन्हा २९ किलोमीटरच उरतात.